कॅज्युअल्टीतलं सामाईक नाव

"तुला मराठी येतं ना?" मॅडमनी विचारलं.

मी विद्यापीठाच्या कॉम्प्युटर विभागात नवीनच लागले होते आणि विभागप्रमुख मॅडमच्या केबिनमध्ये पहिल्यांदाच एकटी उभी होते. आमचं बोलणं इंग्रजीत व्हायचं, तेव्हाही इंग्रजीतच झालं. "घरी बोलतो," मी म्हटलं.

"मग हॉस्पिटलचं काम तू घे. तिथले आयटी इनचार्ज मराठी आहेत. आमच्या मेलला ते दोन शब्दांत उत्तर देतात. तुझ्याशी बोलतील."

मला नेटवर्कमधलं किती कळतं, माझं आधीचं काम कसं होतं, हे त्यांनी काही विचारलं नाही. मला त्याचं वाईटही वाटलं नाही. चार माणसांत माझ्या तोंडून शब्द फुटत नाही, त्यामुळे माझी कशासाठी तरी निवड होते आहे याचंच मला नवल वाटलं.

काम होतं ते भांडण मिटवण्याचं. आमचं विद्यापीठ बेंगळूरला जयनगरच्या बाजूला, आणि आमचे डॉक्टरकीचे आणि नर्सिंगचे विद्यार्थी जिथे शिकतात ते हॉस्पिटल यशवंतपूरच्या पुढे. दोन्ही संस्थांचा करार जुना, पण कॉम्प्युटर वेगळे, ते बघणारी माणसं वेगळी. प्रत्येक विद्यार्थ्याला विद्यापीठाचा एक आयडी आणि हॉस्पिटलचा दुसरा. वॉर्डात मशीन उघडलं नाही की विद्यार्थी आम्हाला फोन करायचा. आम्ही म्हणायचो, मशीन हॉस्पिटलचं आहे, त्यांना विचार. ते म्हणायचे, विद्यार्थी विद्यापीठाचा आहे, त्यांना विचार. एका इंटर्नने मला फोनवर अगदी शांतपणे विचारलं होतं, "मॅम, मी नक्की कोणाचा आहे ते तुम्ही दोघं मिळून ठरवता का?"

दोन्हीकडे चालेल असा एकच आयडी आणि दोन्ही संस्थांचं मिळून एकच मदत केंद्र, असं ठरलं होतं. ते उभं राहीपर्यंत मी बहुतेक दिवस हॉस्पिटलात बसायचं होतं.

इनचार्ज सरांची खोली तळघरात, धुलाई विभागाला लागून होती. भिंतीपलीकडून गरम चादरींचा वास यायचा. ते पन्नाशीचे, अंगाने बारीक, चष्मा नेहमी कपाळावर. पहिले काही दिवस ते माझ्याशी इंग्रजीतच बोलले, तेही मेलमधल्यासारखं: बघून कळवतो, प्रक्रियेत आहे. मीही मराठीत सुरुवात केली नाही. मला कशासाठी पाठवलं आहे ते ठाऊक होतं, आणि घरात बोलायची भाषा अशी मुद्दाम काढून दाखवायची मला लाज वाटत होती.

एकदा तिथेच बसलेली असताना आईचा फोन आला. "जेवले गं," मी हळू आवाजात म्हटलं, "स्वल्प कामात आहे, मग करते."

सरांनी चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला. "स्वल्प? हे कुठलं मराठी म्हणायचं?"

"बेंगळूरचं," मी म्हटलं. कानडीतलं 'थोडं' आमच्या घरच्या मराठीत मुरलेलं आहे.

"मराठी होय तुम्ही! आणि इतके दिवस गप्प बसलात? कधी आलात इकडं?"

"आम्ही इथलेच. आजोबांचे आजोबाही इथलेच."

"म्हंजे आमच्यापेक्षा जुन्या की!" ते हसले. "आम्ही निपाणीचे. तिकडं कानडीत बोललं तर मराठी माणसं रागावतात, इकडं मराठीत बोललं तर रिक्षावाला रागावतो. म्हणून मी आपला इंग्रजीत गप्प असतो."

त्या दिवसापासून मी 'ताई' झाले, आणि इतर कुणी नसलं की ते माझे 'काका'. दुपारी ते डबा पुढे करायचे, "घ्या की, मिरचीचा खर्डा हाय, कूर्गची कॉफी विसराल." मला तिखट सोसत नाही. डोळ्यांतून पाणी यायचं आणि ते खूश व्हायचे. महिनोन्महिने मेलवर अडलेल्या गोष्टी डब्यावर सुटायला लागल्या. कुठल्या मजल्यावरच्या वायरिंगचा नकाशा खरा आणि कुठला नुसता कागदावर, कुठला डॉक्टर नवीन काही आलं की आधी ओरडतो आणि मग सगळ्यांत आधी शिकतो, हे सगळं ते मला सांगत होते. मी मॅडमना प्रगती कळवत होते. "बघ, मी म्हटलं नव्हतं?" त्या म्हणायच्या. प्रत्येक वेळी मला घरातलं एखादं भांडं ऑफिसात वापरायला आणल्यासारखं वाटायचं. पण कामही खरंच होत होतं, आणि काका मला आवडतही होते. या दोन्ही गोष्टी खऱ्या असल्यामुळे मी फार खोलात गेले नाही.

कॅज्युअल्टी त्यांनी मला स्वतःहून दाखवली. सकाळच्या पाळीची सिस्टर आली की काउंटरवरचं मशीन एका सामाईक नावाने उघडायची, आणि ते दिवसभर उघडंच राहायचं. जो डॉक्टर येईल तो त्याच नावाखाली नोंद लिहायचा आणि खाली स्वतःची आद्याक्षरं टाकायचा. नियमाप्रमाणे प्रत्येकाने आपापल्या नावाने मशीन उघडायला हवं, आणि काम झालं की बंद करायला हवं.

"आधी नियमानंच करून बघितलं," काका म्हणाले. "प्रत्येक वेळी मशीन उघडायला एवढा वेळ. हातात रक्ताळलेले हातमोजे. समोर माणूस तडफडतोय आणि डॉक्टर पासवर्ड आठवतोय. मग मीच म्हटलं, एकच नाव ठेवा, पण आद्याक्षरं चुकायची न्हाईत, आणि मशीनसमोर सिस्टर हलायची न्हाई. नियमात बसत न्हाई, ठाऊक हाय मला. कार्ड टेकवलं की उघडेल असं यंत्र मिळतं, ते मागितलंय. पैसे विद्यापीठानं द्यायचे का आम्ही, यात अडकलंय."

हे कुणाला सांगू नका, असं ते म्हणाले नाहीत. सांगा, असंही म्हणाले नाहीत. मी मान हलवली आणि आम्ही चहाला गेलो.

तोवर एकत्रित मदत केंद्राचा प्रमुख कोण होणार याची चर्चा सुरू झाली होती. चर्चा अशी खरं तर नव्हतीच, सगळे काकांचंच नाव घेत होते. त्यांनी तोंडाने कधी म्हटलं नाही, पण तळघरातून वर पहिल्या मजल्यावर कुठली खोली मिळेल हे त्यांनी बघून ठेवलं होतं. मला ती खोली दाखवताना म्हणाले, "खिडकी हाय बघा. इतकी वर्षं बाहेर पाऊस हाय का ऊन, हे मला लोकांच्या चपलांवरून कळतंय."

मग ती बैठक झाली. विद्यापीठात, लांब टेबलावर, दोन्हीकडची माणसं समोरासमोर. एका आयडीचं काम पुढे नेण्याआधी सुरक्षेची तपासणी झाली होती, आणि बाहेरून आलेले तपासनीस तिचे निष्कर्ष सांगत होते. त्यांनी पडद्यावर कॅज्युअल्टीच्या मशीनवरच्या नोंदींचं एक पान लावलं. एकच नाव, वरपासून खालपर्यंत.

"ही व्यक्ती जेवत नाही, झोपत नाही, सुट्टी घेत नाही," ते म्हणाले. "मला तिला भेटायला आवडेल."

सगळे हसले. मग त्यांनी काकांकडे बघितलं. "सर, ही कोण आहे?"

काकांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. दोन्ही हात एकमेकांत गुंतवले. आणि ते काहीच बोलले नाहीत.

हॉस्पिटलचे अधीक्षक फोनमध्ये बघू लागले. मॅडमनी माझ्याकडे एक नजर टाकली. काकांचे ओठ किंचित हलत होते, आवाज येत नव्हता. मला वाटलं ते अडकले आहेत. भर वर्गात उभं केल्यावर माझं जे व्हायचं, तेच त्यांचं होतं आहे. खोली लांब जाते, आणि कुणीतरी मधे पडून आपल्याला सोडवावं असं वाटतं. निदान मला तसंच वाटलं.

आणि मी बोलले.

बैठकीत मी आपणहून बोललेली ती पहिलीच वेळ. मी सांगितलं की ही एक व्यक्ती नाही, सामाईक नाव आहे. मशीन उघडायला वेळ लागतो, हातमोजे असतात, आद्याक्षरांचा नियम आहे, सिस्टर समोर बसते. माझी वाक्यं एकामागून एक नीट येत होती, मला त्याचं आश्चर्य वाटत होतं. शेवटी मी म्हटलं, "सरांनी ही परवानगी विचार करून दिलेली आहे. मी स्वतः जाऊन बघितलं आहे." मला त्यांची बाजू मांडायची होती.

तपासनीसांनी मान हलवली. "फार स्पष्ट सांगितलंत. थँक यू." मग काकांकडे वळून म्हणाले, "म्हणजे तुम्हाला हे माहीत होतं, आणि तपासणीत तुम्ही ते सांगितलं नाहीत."

"येस," काका म्हणाले. त्यांनी चष्मा पुन्हा कपाळावर चढवला.

बाहेर पडताना मॅडमनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "व्हेरी क्लिअर," त्या म्हणाल्या. आणि मला आनंद झाला. हे लिहायला मला जड जातं, पण तो आनंद थोडाथोडका नव्हता. जयनगरच्या बाजारातून मी पायी घरी आले, वाटेत आईसाठी मोगऱ्याचा गजरा घेतला, आणि घरात पाऊल टाकताच म्हणाले, "आज मी मीटिंगमध्ये बोलले."

"देवा!" आई म्हणाली. "बाबांना फोन करून सांग. आजच पेढे आणतील."

कार्डं आली. पैसे कुणी द्यायचे हा प्रश्न त्या बैठकीनंतर फार दिवस राहिला नाही, दोन्ही संस्थांनी अर्धे अर्धे दिले. आता कॅज्युअल्टीत डॉक्टर गळ्यातलं कार्ड यंत्राला टेकवतो, मशीन त्याच्या नावाने उघडतं, तो बाजूला झाला की बंद होतं. मी बघायला गेले तेव्हा काउंटरवरच्या सिस्टरने मला दोनदा करून दाखवलं. "चेन्नागिदे," ती म्हणाली, छान आहे. मग विचारलं, "सर येल्ली, कुठे आहेत? ते बघायला आले नाहीत?"

सर तेव्हा के. आर. पुरमच्या बदलीची कागदपत्रं पुरी करत होते. हॉस्पिटलचं तिकडे, शहराच्या पूर्व टोकाला, एक छोटं केंद्र आहे, वर दोन खोल्या, खाली औषधांचं दुकान. जाणूनबुजून सामाईक नाव चालू ठेवणारा माणूस दोन संस्थांच्या मदत केंद्राचा प्रमुख कसा असू शकतो, असा प्रश्न दोन्ही संस्थांच्या समितीने विचारला होता, आणि काकांचं नाव मागे पडलं. बदली शिक्षा म्हणून नाही, असं अधीक्षकांनी त्यांना सांगितलं. मदत केंद्राची जबाबदारी सध्यापुरती माझ्याकडे आली.

"दोन्ही बाजूंचा विश्वास असलेली तू एकटीच आहेस," मॅडम म्हणाल्या.

मी नको म्हणू शकले असते. मी तसा विचार केला, तो मॅडमना बोलूनही दाखवला, अर्ध्या वाक्यात. त्या म्हणाल्या, मग बाहेरच्या कंपनीला देऊ. त्याने काकांचं काही भलं होणार नव्हतं. मी हो म्हटलं. पण हो म्हणायला मला हे कारण आयतं सापडलं, याचाही मला संशय आहे.

घरी मी आईला सगळं सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. "तू खोटं स्वल्पही बोलली नाहीस," ती म्हणाली. "मग तोंड पाडून का बसलीस?"

"ते माझ्यामुळे गेले."

"त्यांच्या चुकीमुळे गेले. तू नसतीस सांगितलं, तर दुसऱ्या कुणी सांगितलं असतं."

हे मलाही पटत होतं. पटूनही काही बदलत नव्हतं.

चार्ज द्यायला काका तळघरातच बसले होते. मला वाटलं होतं ते चाव्या आणि पासवर्ड देतील आणि उठतील. त्यांनी सकाळपासून दुपारपर्यंत मला सगळं समजावलं. रक्तपेढीच्या यूपीएसची बॅटरी उन्हाळ्यात दगा देते. बालरोग विभागातलं वायफाय एका भिंतीमुळे अडतं, तिथे उगीच नवीन यंत्र लावू नका. कुठल्या पुरवठादाराला फोन करायचा आणि कुठल्याला दारात जाऊन उभं राहायचं. मराठीतच बोलत होते, नेहमीसारखंच 'ताई' म्हणत होते, आणि काहीही राखून ठेवत नव्हते. रागावले असते तर मला बरं वाटलं असतं.

"अजून काय राहिलं?" त्यांनी विचारलं.

"काका, मला माफ करा."

"कशाबद्दल?"

त्यांना माहीत होतं. पण ते माझ्याकडे बघत थांबले, तेव्हा मला सांगावं लागलं. "त्या दिवशी मी मधे बोलले."

"खोटं न्हाई बोललात."

"तरीही."

त्यांनी टेबलावरची पेनं एका रेषेत लावली. "मी बोलणार होतो, ताई," ते म्हणाले. "इंग्रजी जुळवत होतो. हे मी केलंय. ते चुकीचं हाय हे मला ठाऊक हाय. कार्डं द्या, दुसऱ्या दिवशी बंद करतो. तीनच वाक्यं होती. दोन जुळली होती."

पलीकडे धुलाईचं यंत्र थांबलं आणि पुन्हा सुरू झालं.

"मी आपणहून सांगितलं असतं तर ते माझं सांगणं झालं असतं. तुम्ही सांगितलंत, मग मला नुसतं 'येस' म्हणायचं उरलं. चोर सापडला की म्हणतो तसं."

लहानपणापासून मी हेच भोगत आले आहे. पाहुणे मला विचारणार, "काय शिकतेस?", माझं उत्तर तोंडात तयार होत असणार, आणि आई सांगून मोकळी होणार. शाळेत बाई माझं वाक्य पुरं करायच्या आणि वर कौतुकाने म्हणायच्या, "हेच म्हणायचं होतं ना?" मी मान हलवायची. कधी तेच म्हणायचं असायचं, कधी नसायचं, पण एकदा दुसऱ्याने म्हटल्यावर माझ्या म्हणण्याची कुणाला गरज उरायची नाही. प्रत्येक वेळी मला त्या माणसाचा राग यायचा. गप्प बसलेला माणूस अडकलेला असतोच असं नाही, कधी तो शब्द जुळवत असतो, हे त्या टेबलाभोवती बसलेल्यांत मला सगळ्यांत जास्त ठाऊक असायला हवं होतं. काकांचे ओठ हलताना मी बघितलेही होते.

"मॅडमना हे सांगाल का?" त्यांनी विचारलं. "बदली थांबवायला न्हाई. मी लपवत नव्हतो, एवढं."

मी दुसऱ्याच दिवशी मॅडमकडे गेले. रात्रभर मी वाक्यं जुळवली होती आणि ती सगळी म्हटली. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं, त्या वाईट बाई नाहीत. मग म्हणाल्या, "हे त्यांनी तुला आता सांगितलं?"

"हो."

"आता कोणीही हेच सांगेल, नाही का?"

मी म्हटलं, ते तसे नाहीत. त्या म्हणाल्या, असतील तसे, पण समितीने जे ऐकलं त्यावर ठरवलं, आणि ते बोलले नाहीत ही गोष्ट सगळ्यांनी पाहिली. "तू मधे बोलली नसतीस तर ते बोललेच असते, हे तू खात्रीने सांगू शकतेस?"

मला सांगता आलं नाही. आजही येत नाही. माझा त्यांच्यावर विश्वास आहे. पण एखाद्या दिवशी, काम फार असलं आणि मदत केंद्र नीट चाललेलं असलं की, ते बोललेच नसते असं मला वाटून जातं, आणि तेवढ्यापुरतं हलकं वाटतं. मग त्या हलकं वाटण्याचीच लाज वाटते.

के. आर. पुरमचं केंद्र नव्या व्यवस्थेला जोडायचं होतं. मी कुणालाही पाठवू शकले असते. मी स्वतः गेले. मनाशी एकच ठरवलं होतं, की या वेळी मधे बोलायचं नाही. त्यांना काय म्हणायचं असेल ते त्यांच्या वेळेने म्हणू द्यायचं.

जोडणी लवकर झाली. काका बारकाईने बघत होते, एक केबल त्यांनी माझ्या हातून घेऊन नीट बसवली. खालच्या दुकानातून चहा आला. त्यांनी यशवंतपूरची विचारपूस केली, रक्तपेढीची बॅटरी बदलली का विचारलं. बदलली, मी म्हटलं. मग बोलणं संपलं.

मी थांबले. ते खिडकीकडे बघत होते. पंखा कुरकुरत होता. त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं, मी कप हातात फिरवत राहिले, पुन्हा ते खिडकीकडे बघू लागले. शेवटी त्यांनी दोन्ही कप उचलले आणि म्हणाले, "निघा आता. नंतर गर्दी होते."

परतीच्या मेट्रोत उभी असताना माझ्या मनात आलं, की कदाचित तेही मी काही बोलेन म्हणून थांबले असतील. त्यांचं म्हणणं मी मॅडमना सांगितलं, त्यावर मॅडम काय म्हणाल्या, हे मी त्यांना अजून सांगितलेलंच नव्हतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं होतं ते त्यासाठीच असावं.

पुढच्या स्टेशनावर उतरून उलटी गाडी पकडता आली असती. मी उतरले नाही. तिथलं काम पूर्ण झालं आहे, आणि के. आर. पुरमला पुन्हा जाण्यासाठी मला आता ऑफिसचं कारण नाही.